अडल्याची जमीन

रात्रपाळीच्या सुट्टीत साच्यावरचा जोडीदार म्हणाला, "गावाकडं वतनाचा एक तुकडा सस्त्यात निघालाय. माणूस दवाखान्यापायी अडलाय. घेतोस?"

दोस्तांनो, अडलेला माणूस हुडकायचा आणि त्याची जमीन पाडून घ्यायची, ही विद्या जुनी आहे. १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, इकडं कापसाचा भाव बसला. सरकारनं सारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचं निमित्त करून सावकार वरचेवर रोखा नवा करून घेई, व्याज मुद्दलात घाली. मग कोर्टाचा हुकूमनामा, मग लिलाव. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणबी उठले. त्यांनी रोखे आणि वह्या जाळल्या. त्यांचा वैरी कागदात होता. १८७९ चा कायदा आला, तेव्हा कुठं कोर्ट रोख्यामागचा हिशेब तपासू लागलं.

या इतिहासात आपण कुठं? आपल्याकडं होतं महार वतन. बाबासाहेबांनी १९२८ ला त्याविरुद्ध बिल मांडलं. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, जमीन नावावर करायची वाट झाली. पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही ही अट राहिली. अट अडल्याच्या राखणीची. तरी माझ्या आज्याचा तुकडा गेलाच. आजी आजारी, कोऱ्या स्टँपवर अंगठा, हातात चार नोटा.

मी जोडीदाराला म्हणालो, "घेत नाही. त्याचा पत्ता दे. रविवारी जातो, त्याला कागद वाचून दाखवतो."