पथ्य, अपराध आणि मन : सातारा-सांगली परिसरातील मधुमेहविचाराची मानसशास्त्रीय पूर्वपीठिका

मधुमेह हा शरीराचा रोग खरा. परंतु त्याच्या उपचाराचा फार मोठा भाग रोग्याच्याच हाती सोपविलेला असतो. काय खावे, किती चालावे, औषध केव्हा घ्यावे याचे निर्णय तो दिवसातून अनेक वेळा घेतो. साहजिकच उपचार फसला म्हणजे ठपकाही त्याच्यावरच येतो. या ठपक्याचा इतिहास आणि त्यातून मानसशास्त्रज्ञाच्या वाट्यास आलेले कार्य यांचा सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.

चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत सुखासीनता, अतिनिद्रा, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. सुश्रुताने चिकित्सा सांगताना रोग्याची सांपत्तिक स्थितीही लक्षात घेतली. निर्धनाने पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षान्नावर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे; धनवंताने श्यामाक व नीवार यांसारख्या तृणधान्यांवर राहावे, असे तो सांगतो. यातील निरीक्षण सूक्ष्म आहे, यात शंका नाही. परंतु रोग हे चैनीचे फळ आणि उपचार हे जणू प्रायश्चित्त, अशी छटाही त्यास आहे. ती लोकमानसातून आजही पुसली गेलेली नाही.

युरोपात १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने दीर्घ शोकास मधुमेहाचे कारण मानले. १९३५ साली अमेरिकेतील विल्यम मेनिंजर यांनी त्याच्या मानसिक कारणांची मीमांसा केली आणि पुढे ‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ ही कल्पना काही काळ रूढ झाली. उत्तरकालीन संशोधनात अशा विशिष्ट व्यक्तिमत्त्वास आधार मिळाला नाही. विलिसचे मत मात्र सर्वस्वी टाकाऊ ठरले नाही. खिन्नता आणि मधुमेह एकमेकांस बळ देतात, असे आता मानले जाते. तथापि या साऱ्या उपपत्तींत एक साम्य आहे : रोगाचे मूळ त्या रोग्याच्या आचरणात वा स्वभावातच शोधले गेले.

१९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्सनला इन्सुलिन दिले गेले आणि ज्या प्रकारचा मधुमेह मृत्यूचा हुकूम होता, तो आयुष्यभराचा सोबती बनला. अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांवरील दीर्घ चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. काटेकोर नियंत्रणाने नेत्र, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी बरीच टळते, हे तीतून सिद्ध झाले. पण रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. नियंत्रणाचे श्रम आणि भय हे दोन्ही रोग्यासच सोसावे लागणार, हे उघड झाले. १९९५ साली बॉस्टन येथील जॉस्लिन केंद्रातील विल्यम पोलोन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली, ती हा भार मोजण्यासाठी. रोगामुळे मनावर काय ओझे पडते, हा प्रश्न आता पुढे आला आणि मानसशास्त्रज्ञास येथे खरे स्थान मिळाले.

सातारा-सांगलीत शरीराच्या उपचाराची परंपरा जुनी आहे. मिरजेस विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. १९६२ साली तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मनावरील भार मात्र समाजरचनेत दडलेला राहिला. कृष्णाकाठी ऊस हे वैभव आणि साखर कारखाना ही प्रतिष्ठा. साताऱ्यात आनंदवार्ता कंदी पेढ्यांवाचून पुरी होत नाही. तेथे पेढा नाकारणे हा आहारापेक्षा शिष्टाचाराचा प्रश्न होतो. घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या गृहिणीला स्वतःपुरते वेगळे शिजविणे अपराधासारखे वाटते. इन्सुलिन हा अखेरचा उपाय, या समजुतीने अनेकजण सुईची सूचना पराभवासारखी ऐकतात.

चैनीचा सिद्धान्तही येथे अपुरा पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो होते. तरीही त्या कृश बालकांत चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. रोगाची भूमी गर्भावस्थेतच तयार होत असेल, तर माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील कष्टकऱ्यास ‘तू जिभेवर ताबा ठेवला नाहीस’ असे सुनावणे अशास्त्रीयही आहे आणि अन्याय्यही.

दोषारोपाविना साहाय्य कसे करावे, याचा एक पाठ साताऱ्यातच सापडतो. मिरजेस वैद्यक शिकलेले नरेंद्र दाभोलकर यांनी १९९१ साली ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार मानावा आणि पुन्हा घसरण्याने सारे संपले असे समजू नये, ही व्यसनमुक्तीच्या कार्यातील दृष्टी मधुमेहासही उपकारक आहे. पण साम्य येथेच थांबते. मद्य पूर्णपणे सोडता येते, अन्न सोडता येत नाही. मधुमेह्यास रोजच मोहाच्या पंक्तीत बसून मोजके जेवावयाचे असते. म्हणून संपूर्ण वर्ज्याची भाषा त्याच्या उपयोगाची नाही.

तेव्हा मानसशास्त्रज्ञाचे कार्य कोणते? प्रथम, रोगजन्य क्लेश आणि खिन्नतेचा विकार यांत भेद करणे, कारण दोहोंचा उपचार निराळा. दुसरे, अल्बर्ट एलिस यांच्या ज्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा कि. मो. फडके यांनी मराठीत परिचय करून दिला, त्यानुसार ‘पथ्य मोडले’ आणि ‘मी नालायक आहे’ ही दोन विधाने रोग्याच्या मनात वेगळी करणे. तिसरे, घरातील पंगतीलाच उपचारात सामील करून घेणे. ठपक्याच्या भयाने रोगी रक्तशर्करेचे खरे आकडे लपवितो, आणि लपविलेल्या आकड्यांवर कोणताही वैद्य उपचार करू शकत नाही. अपराधभाव दूर करणे ही दयेची बाब तर आहेच. या परिसरात ती उपचाराची पहिली पायरीही ठरते.