व्याधीचे बारसे

मनुष्य दुखणे सोसतो. नाव नसलेले दुखणे सोसणे त्याला जड जाते. समाचाराला येणारा प्रत्येकजण प्रथम विचारतो ते "काय झालंय?" हेच. शरीराची रक्षक शक्ती शरीरावरच उलटते अशा रोगांच्या इतिहासात या साध्या प्रश्नाचे उत्तर वारंवार बदलले आहे.

आरंभी असे काही संभवतच नाही अशी समजूत होती. १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्ये त्यांच्या अंगी निर्माण झाली; स्वतःच्या रक्तावर मात्र ती चालेनात. शरीर स्वतःवर विषप्रयोग टाळते, असे त्याने म्हटले. १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी याच्या उलट पुरावा पुढे आणला, तरी एर्लिखच्या शब्दाचा दरारा पुष्कळ वर्षे टिकला.

नावाला केवढे वजन असते पाहा. अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर १९५० च्या डिसेंबरात आजारी पडली. प्रथम आमवात असे निदान झाले. पुढे तो ल्यूपस ठरला. याच रोगाने तिचे वडील १९४१ मध्ये गेले होते, म्हणून आईने ते नाव तिच्यापासून लपवले. १९५२ मध्ये एका मैत्रिणीने तिला खरे सांगितले. दूर राहण्याचा बेत सोडून ती जॉर्जियातील आईच्या शेतावर स्थिरावली आणि १९६४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिली.

तिच्या व्याधीला नाव होते, ते झाकले गेले एवढेच. पण कित्येकांच्या अंगी दोन-तीन रोगांची लक्षणे एकत्र नांदतात. अशा २५ रोग्यांचे वर्णन १९७२ मध्ये डॉ. गॉर्डन शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. काही लक्षणे ल्यूपसची, काही कातडी ताठरणाऱ्या स्क्लेरोडर्माची, काही स्नायुदाहाची. रक्तात मात्र एक समान खूण. या मिश्र रोगाचे स्वतंत्र बारसे झाले. १९८० मध्ये त्याच रोग्यांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांची व्याधी स्क्लेरोडर्माकडे झुकलेली आढळली. माणसे तीच, नावाखालची जमीन सरकलेली! त्याच वर्षी डॉ. लरॉय यांनी ज्या रोगाची जात अद्याप उघड झालेली नाही त्यासाठी निराळी संज्ञा सुचवली. त्या वर्गातले पुष्कळ रोगी वर्षानुवर्षे तेथेच राहतात.

ल्यूपससाठी १९८२ मध्ये ११ पैकी ४ लक्षणांची कसोटी ठरली. २०१९ मध्ये ती बदलून १० गुणांची झाली. या कसोट्या मुख्यतः संशोधनासाठी रोगी निवडण्याकरिता आहेत. ज्याच्यापाशी तीनच लक्षणे आहेत त्याचे सांधे काही कमी दुखत नाहीत. म्हणून "अजून नक्की नाही" असे वैद्याने म्हटले, तर ते अज्ञान समजू नये. आणि "मग काही झालेलेच नसेल" असे घरच्यांनी तर मुळीच समजू नये. बारसे लांबले म्हणून मूल जन्मलेच नाही, असे आपण कधी म्हणतो काय?