नोंदीतील वीज : ग्रिड विश्वासार्हतेची कागदपत्रे आणि महाराष्ट्रातील कृषी ग्राहक — एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वारणा खोऱ्यातील ऊस उत्पादकाला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. लागणीची तारीख कारखान्याच्या शेती विभागात कोणत्या दिवशी नोंदली गेली, यावर त्याच्या उसाच्या तोडणीची पाळी अवलंबून असते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत सुरू झालेल्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातील संगणक केंद्रांचा उपयोगही प्रामुख्याने ऊसनोंद, वजन आणि बिल यांसाठीच झाला. मात्र ज्या विजेवर हा ऊस भिजतो, ती किती वेळा गेली आणि किती वेळाने परत आली, याची नोंद शेतकऱ्याच्या हाती कधीच आली नाही.

वीजपुरवठ्याची विश्वासार्हता टिकवण्यासाठी कायद्याने कोणती कागदपत्रे बंधनकारक केली, ती कशी बदलत गेली आणि या नोंदींत कृषी ग्राहकाला कोणते स्थान मिळाले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी कायदे, विनियम, नियामक आयोगाचे आदेश आणि प्रसिद्ध चौकशी अहवाल यांचा आधार घेतला आहे.

१. नियमांपासून संहितेपर्यंत

१९१० चा भारतीय वीज कायदा आणि त्याखालील १९५६ चे नियम यांचा भर प्रामुख्याने सुरक्षिततेवर होता. वारंवारिता घोषित मूल्यापेक्षा ३ टक्क्यांहून अधिक बदलू नये, असे बंधन या नियमांत होते. परंतु ते पाळले गेले नाही तर कोणी कोणाला काय कळवावे आणि त्याची किंमत कोणी मोजावी, याची पुरेशी व्यवस्था नव्हती. २० जून १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ हे पुरवठा करणारेही होते आणि त्या पुरवठ्याचा हिशेब ठेवणारेही होते. त्यामुळे मंडळाच्या नोंदी बाहेरच्या कोणी तपासण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाही.

ही स्थिती २००० नंतर बदलली. त्या वर्षी अमलात आलेल्या भारतीय वीज ग्रिड संहितेने वारंवारितेची मर्यादा ४९.० ते ५०.५ हर्ट्झ अशी ठरवली. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाऊन ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झपर्यंत आली. १ जुलै २००२ रोजी उपलब्धताधारित दरपद्धती देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात लागू झाली. या पद्धतीत दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठी किती वीज निर्माण करायची आणि किती घ्यायची, याचे वेळापत्रक आदल्या दिवशी ठरू लागले. वेळापत्रक आणि प्रत्यक्ष मोजणी यांतील फरकाला पैशाचे मोल आले आणि पाठोपाठ नोंदींना शिस्त आली.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानक विनियमांनी ग्रिडमधील बिघाडांचे तीव्रतेनुसार वर्गीकरण केले. बिघाडाच्या विश्लेषणासाठी लागणारी यंत्रांवरील माहिती २४ तासांच्या आत प्रादेशिक भार प्रेषण केंद्राला सादर करणे बंधनकारक ठरले. अतिउच्च दाबाच्या पातळीवर अशा प्रकारे जवळजवळ प्रत्येक घटना कागदावर येऊ लागली.

२. कागद असूनही अंधार

केवळ कागद वाढल्याने पुरवठा विश्वासार्ह होतो असे नाही, हे जुलै २०१२ ने दाखवून दिले. ३० जुलैच्या पहाटे उत्तर ग्रिड कोसळले. ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही ग्रिड कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकसंख्येचा प्रदेश प्रभावित झाला. दोन्ही दिवशी साखळीची सुरुवात बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी बंद पडण्यापासून झाली. वेळापत्रकापेक्षा जादा वीज घेणे कमी करा, या प्रादेशिक केंद्रांच्या सूचनांना राज्यांच्या भार प्रेषण केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही, असे चौकशी समितीने नमूद केले. म्हणजेच सूचना दिल्या गेल्या होत्या, अंमलबजावणी मात्र अपुरी पडली होती.

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. वाहिन्यांखाली वाढलेली झाडे आणि नियंत्रण कक्षातील बंद पडलेली इशारायंत्रणा ही त्यामागील प्रमुख कारणे होती. त्यानंतर २००५ चा कायदा झाला आणि पूर्वी ऐच्छिक असलेली विश्वासार्हता मानके जून २००७ पासून दंडासह बंधनकारक झाली. पालनाचा पुरावा कागदोपत्री द्यावा लागत असल्याने कंपन्यांवर दस्तऐवजांचा मोठा भार पडला. अखेर तेथील संघीय नियामक आयोगाने २०१२ मध्ये, ज्या अटींमुळे विश्वासार्हतेत फारशी भर पडत नाही त्या वगळण्याचा मार्ग खुला केला. २०१३ मध्ये अशा ३४ अटी रद्द झाल्या. कागदी घोडे नाचवण्याने ग्रिड सुरक्षित होत नाही, याची ती औपचारिक कबुलीच होती.

महाराष्ट्रातील कृषी ग्राहकाचा प्रश्न मात्र याच्या नेमका उलट आहे. येथे अतिरिक्त कागद ही अडचण नव्हती. ज्या ठिकाणी कागद हवा होता तेथे तो नव्हता.

३. विनामीटर पंप आणि गळतीचा आकडा

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात कृषिपंपांना अश्वशक्तीवर आधारित ठोक दर लागू झाला. मीटर वाचण्याचा खर्च त्यामुळे वाचला, परंतु वापराची मोजणीही थांबली. विनामीटर पंपांचा वापर अंदाजाने ठरू लागला. मोजलेली वीज आणि अंदाजित कृषी वापर एकूण पुरवठ्यातून वजा केल्यावर जे उरेल, ती गळती मानली जाऊ लागली. शेतीचा अंदाज फुगवला की गळतीचा आकडा आपोआप कमी दिसे.

१९९० च्या दशकात मंडळाच्या कागदोपत्री पारेषण व वितरण गळती २० टक्क्यांच्या आत होती. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर दरनिश्चितीची जाहीर सुनावणी झाली. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी तेथे आकडेवारीची चिकित्सा केली आणि २००० च्या पहिल्या आदेशात हीच गळती ३० टक्क्यांच्या पलीकडे गेली. एका वर्षात तारा बदलल्या नव्हत्या, बदलली होती ती तपासणी. शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो, ही भूमिका इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना यांनीही पुढे सातत्याने मांडली.

या आकड्यांचे परिणाम शिवारापर्यंत पोहोचले. २००५ पासूनच्या तीव्र टंचाईत भारनियमनाचे तास ठरवण्यासाठी गळती आणि वसुली यांवर आधारित 'ए' ते 'एफ' असे गट पाडण्यात आले. जेथे गळती जास्त आणि वसुली कमी, तेथे अंधार अधिक, असे हे सूत्र होते. आर्थिकदृष्ट्या ते समर्थनीय वाटते. परंतु जेथे शेतीचा वापरच मोजलेला नाही, तेथे गळतीचा आकडाही अंदाजावरच उभा असतो. अंदाजाच्या कागदावरून प्रत्यक्ष अंधार वाटला गेला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

४. नुकसानभरपाईचा हक्क आणि तक्रारीची पावती

१० जून २००३ रोजी अमलात आलेल्या विद्युत अधिनियमाने तीन महत्त्वाच्या तरतुदी केल्या. कलम ५५ नुसार दोन वर्षांनंतर मीटरविना वीजपुरवठा होऊ नये. कलम ५७ नुसार आयोगाने कृतीची मानके ठरवावीत आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई मिळावी. कलम ५९ नुसार मानकांचे पालन कितपत झाले, किती प्रकरणांत आणि एकूण किती भरपाई दिली, याची माहिती परवानाधारकाने आयोगाला द्यावी. कलम ५५ मध्ये मुदतवाढीची सोय होती आणि राज्यातील लाखो कृषिपंप विनामीटरच राहिले.

आयोगाच्या २००५ च्या विनियमांनी जळालेले रोहित्र बदलण्यासाठी शहरी भागात २४ तास आणि ग्रामीण भागात ४८ तास अशी मुदत घातली. विलंबासाठी तासाला ५० रुपये भरपाई ठरली. परंतु या मुदतीचे घड्याळ तक्रार नोंदवल्यापासून चालू होते, आणि भरपाईचा दावाही पुरवठा सुरळीत झाल्यापासून ६० दिवसांत करावा लागे. गावात डीपी जळाली की शेतकरी प्रथम वायरमनला गाठतो किंवा फोन करतो. तक्रार क्रमांक घ्यावा हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. शेतकऱ्याच्या लेखी आठ दिवसांचा असलेला अंधार त्यामुळे नोंदवहीत एका दिवसाचा ठरू शकतो, किंवा तेथे उमटतही नाही.

पुरवठा खंडित होण्याची वारंवारता व कालावधी दर्शवणाऱ्या निर्देशांकांतही असेच घडले. देशातील अनेक राज्यांच्या विनियमांत मुख्य निर्देशांक काढताना प्रामुख्याने शेतीला वीज देणाऱ्या वाहिन्या वगळून त्यांची गणना स्वतंत्र ठेवण्यात आली. शेतीचा पुरवठा ठरावीक तासांचाच असल्याने त्यामागे तांत्रिक कारण आहे. मात्र राज्याची विश्वासार्हता म्हणून जो आकडा चर्चेत येतो, त्यात अशा ठिकाणी शेतकऱ्याचा अनुभव नसतो.

अलीकडच्या काळात काही बदल झाले आहेत. २०२० च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनी स्वयंचलित भरपाईचे तत्त्व आणले. त्याच वर्षीच्या राज्य आयोगाच्या दर आदेशात वाहिनीवरील मोजणीचा आधार घेऊन कृषी वापराचा अंदाज कमी करण्यात आला. एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळू लागली. बिल शून्य झाल्यावर मोजणीचा आग्रह कोण धरणार, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहतो, कारण शासनाने द्यावयाचे अनुदान शेवटी याच वापराच्या आकड्यांवर ठरते.

निष्कर्ष

१. ग्रिड विश्वासार्हतेच्या नोंदी वरच्या पातळीवर पंधरा मिनिटांपर्यंत सूक्ष्म झाल्या, तर शेवटच्या रोहित्रापाशी त्या दीर्घकाळ अंदाजावर राहिल्या.

२. दस्तऐवजांची संख्या हा विश्वासार्हतेचा निकष ठरत नाही. अमेरिकेने निरुपयोगी अटी कमी केल्या, तर महाराष्ट्राला उपयुक्त नोंदी वाढवण्याची गरज आहे.

३. प्रत्येक कृषी वाहिनीचा खंडित पुरवठ्याचा तपशील मराठीत, गावनिहाय आणि ग्रामपंचायतीत पाहता येईल अशा स्वरूपात उपलब्ध व्हावा. तक्रारीची पावती ग्राहकाने न मागताही त्याला मिळावी.

उसाची नोंद नसेल तर तोडणीची पाळी येत नाही, हे वारणा खोऱ्यातील शेतकरी अनुभवाने शिकला आहे. विजेच्या बाबतीतही नोंद हीच हक्काची पहिली पायरी आहे, हे प्रस्तुत आढाव्यावरून स्पष्ट होते.