वहीतले आकडे आणि आईची कंबर

माझ्या कपाटात एक ऐंशी पानी वही आहे. तिचा पुठ्ठा केव्हाच निखळून गेला आणि पानांना आता जुन्या तांदळाचा पिवळा रंग आला आहे. वहीत माझ्या नवव्या वर्षीच्या वेड्यावाकड्या अक्षरांत काही शब्द आणि त्यांच्यापुढे काही आकडे आहेत. मांडी 2, पोटरी 1, पाऊल 0. खाली तारीख. पुढच्या पानावर पुन्हा तेच शब्द, पुन्हा तेच आकडे. कुठे 1 चे 2 झालेले आहेत, कुठे चार-चार महिने काहीच बदललेले नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. शिवाजीमहाराजांच्या स्वाऱ्या आणि पेशव्यांच्या मसलती मुलांकडून पाठ करून घेतल्या. परंतु माझ्या घरच्या इतिहासाचे अस्सल साधन म्हणावे असे हे एकच आहे.

माझा धाकटा भाऊ बाळू दोन वर्षांचा असताना, 1958 सालच्या पावसाळ्यात, तापाने फणफणला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण उजवा पाय उचलेना. आम्ही बोईसरच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहत होतो. गावातल्या हाडवैद्याने पाय चाचपला, पाला बांधला आणि बांबूच्या कामट्यांत तो घट्ट आवळून टाकला. पुढे शिकलेली माणसे त्याला हसली. पण मी वाचू लागल्यावर मला कळले, की त्यात हसण्यासारखे काही नव्हते. पोलिओने लुळा पडलेला अवयव फळ्यांत किंवा प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवावा, हीच जगातल्या मोठमोठ्या इस्पितळांचीही अनेक वर्षे रीत होती. तिच्याविरुद्ध झगडली ती एलिझाबेथ केनी नावाची ऑस्ट्रेलियन परिचारिका. लोकरीच्या गरम ओल्या पट्ट्यांनी स्नायू शेका आणि मग हलक्या हाताने ते हलवायला शिकवा, असे तिचे म्हणणे. 1940 नंतर अमेरिकेने तिचे ऐकले. आमच्या गावी ते ज्ञान यायला आणखी दीड तप लागले, एवढेच.

ते आले ते रेल्वेने. आई बाळूला कडेवर घेऊन पहाटे बोईसर स्टेशन गाठी. आगगाडीने विरार आणि तिथून पुढे विजेची लोकल. मुंबईच्या एका म्युनिसिपल इस्पितळात पांढऱ्या कपड्यांतली एक बाई बाळूला टेबलावर झोपवी, त्याचा पाय आपल्या तळहातावर तोलून धरी आणि म्हणे, "आता उचल बरं." सुटीच्या दिवशी मीही बरोबर असे. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून बाई सांगेल तो आकडा मी वहीत मांडायचा, अशी वाटणी होती.

या आकड्यांचा अर्थ मला फार पुढे समजला. स्नायू मुळीच हलला नाही तर 0. नुसती थरथर जाणवली तर 1. वजनाचा भार काढून घेतल्यावर, म्हणजे पाय आडवा टेकवून, हालचाल झाली तर 2. स्वतःचे वजन पेलून अवयव वर उचलला गेला तर 3. समोरच्याच्या हाताचा विरोध मोडून उचलला तर 4, आणि निरोगी माणसासारखा असेल तर 5. या मोजमापाचा उगम अमेरिकेत, बॉस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांच्याकडे आहे. 1910 नंतरच्या दशकात पोलिओग्रस्त मुलांचा एकेक स्नायू तपासून त्यांनी ही रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात नसा तुटलेल्या सैनिकांसाठी इंग्लंडात तिला 0 ते 5 असे आजचे रूप मिळाले. यंत्र नाही, सुई नाही. एक हात, एक डोळा आणि एक प्रामाणिक आकडा. मला वाटते, भौतिकोपचाराचे शास्त्र ज्या दिवशी मालिशवाल्याच्या कसबाहून वेगळे झाले, तो दिवस हाच. कारण मोजल्यावाचून सुधारणा झाली की नाही हे सांगता येत नाही, आणि ते सांगता आले नाही तर सगळी भिस्त उपचार करणाऱ्याच्या शब्दावर राहते.

आपल्या देशात हे शास्त्र मुंबईत उतरले, तेही पोलिओच्या निमित्तानेच. 1940 च्या दशकाअखेर मुंबईत या रोगाची साथ आली. त्याआधी, 1947 साली, फातेमा इस्माईल यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता; तिच्यासाठी जी धावपळ केली ती त्यांनी मग साऱ्यांच्या मुलांसाठी केली. पुढे 1952-53 च्या सुमारास परळच्या के. ई. एम. इस्पितळात भौतिकोपचाराची भारतातली पहिली शाळा निघाली. जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबईची महापालिका यांनी मिळून ती काढली. 1955 साली हाजी अलीला या विषयाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी भौतिकोपचारकांची देशव्यापी संघटनाही स्थापन झाली. आमच्या बाळूचा पाय तळहातावर तोलणारी बाई या पहिल्यावहिल्या पिढीतली असली पाहिजे. त्या वेळी आम्हाला ती नुसती 'व्यायामवाली बाई' होती.

घरी परतल्यावर आई जुन्या कांबळ्याचे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून पिळी, बाळूचा पाय शेकी आणि मग व्यायाम घेई. दिवसातून तीन वेळा. मधल्या वेळात राबाची भाजणी, पेरणी, आणि मृगाच्या पावसानंतर आवणी. तुम्ही भाताची आवणी पाहिली असेल. आगगाडीच्या खिडकीतून ती मोठी रम्य दिसते. पण वाचकहो, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, उलट्या पावलांनी मागे सरत सबंध दिवस रोपे खोवायची म्हणजे काय, ते ज्याची कंबर जाते त्यालाच ठाऊक. 1964 साली आल्फ नाखेमसन नावाच्या स्वीडिश शल्यविशारदाने जिवंत माणसाच्या कण्यातल्या चकतीत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजल्याचे प्रसिद्ध केले. माणूस निजलेला असताना दाब सर्वांत कमी. उभा राहिला की वाढतो. आणि पुढे वाकला, त्यातून हातात ओझे असले, की कितीतरी अधिक. त्याच वर्षी आमच्या शेजारी तारापूरला अणुवीजकेंद्राचे बांधकाम सुरू झाले. 1969 साली देशातली पहिली अणुवीज तिथून वाहू लागली. अणूच्या पोटातली शक्ती मोजणारे लोक आमच्या वेशीवर येऊन राहिले, पण वेशीच्या आतल्या शेतात वाकलेल्या बायांच्या पाठीवर किती भार पडतो, हे मोजायला कोणी आले नाही.

मी कुणाला दोष देत नाही, कारण पहिला दोषी मीच. आई रात्री कमरेला हात लावून उठते, भिंतीला टेकून पाठ सरळ करते, हे मी रोज पाहत होतो. वही माझ्याजवळ होती, पेन्सिल होती आणि मोजायचे कसे तेही मला ठाऊक होते. पण आईसाठी एकही ओळ त्या वहीत नाही. बाळूचा पाय दुखणे होते; आईची कंबर म्हणजे आईच होती.

'दुखते का?' हा प्रश्नच संशोधन होऊ शकतो, हे मला कळायला 1996 साल उजाडावे लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1981 साली एक कार्यक्रम आखला होता. इस्पितळात येतात त्यांचीच दुखणी मोजली जातात. जे येत नाहीत त्यांच्या दारी जावे, असे त्याचे सूत्र. 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी हे काम घेऊन पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला गेले. गावातलेच स्वयंसेवक शिकवून तयार केले. ते घरोघर गेले, प्रश्न विचारले, आणि माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागांच्या खुणा केल्या. मग डॉक्टरांनी त्या माणसांना तपासले. 4092 प्रौढांची विचारपूस झाली. त्यांपैकी 746 जणांना, म्हणजे शेकडा 18.2 लोकांना, हाडे, सांधे किंवा स्नायू यांची दुखणी होती. ज्याला आपण आमवात म्हणून भितो तो शेकडा अर्ध्याच्या आसपास. सांध्यांची झीज शेकडा सहाच्या आतबाहेर. उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या दुखण्याला तर पुस्तकात धड नावही नव्हते. हा अहवाल वाचताना मी त्या निनावी रकान्याशी थांबलो. आमची आई तिथेच असती.

त्यानंतरच्या वर्षांत जगाने बरेच मोजले. एका अंदाजाप्रमाणे 2020 साली जगात सुमारे 62 कोटी माणसांची कंबर दुखत होती. दुसरे कुठलेही दुखणे माणसाला इतका काळ अधू करून ठेवत नाही. उपचारही बदलले. कंबर धरली की आठवडाभर अंथरुणाला खिळून राहावे, असे पूर्वी डॉक्टर सांगत. 1986 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात काही रोग्यांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस निजायला सांगितले. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले, शिवाय कामावर लवकर परतले. आईला यातले काही सांगायची गरज नव्हती. तिला दोन दिवससुद्धा कोणी निजू दिले नव्हते. पण हालचाल करणे वेगळे आणि विसाव्यावाचून राबणे वेगळे, हा भेद तिला कोणी सांगितला असता तर बरे झाले असते.

बाळूचा पाय वहीच्या शेवटच्या पानावर 3 पर्यंत आला. तो चालला, शिकला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबनीस झाला. साठीच्या आसपास मात्र तोच पाय पुन्हा थकू लागला. डॉक्टरांनी समजावले ते असे: पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या ज्या पेशी मारतो, त्यांचे पोरके स्नायुतंतू शेजारच्या जिवंत पेशी आपल्या पदराखाली घेतात. एकेक पेशी चौघींचा संसार ओढते. तीस-चाळीस वर्षांनी त्या पेशी स्वतःच झिजतात. म्हणून आता व्यायाम बेताचा, आणि दमण्याआधी विसावा.

हिंदुस्थानात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि 2014 च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला आमचा पालघर जिल्हा झाला. वहीतला रोग गेला. वहीत नसलेला राहिला. यंदाच्या आषाढात बोईसरजवळ एका बांधावर उभा राहून मी आवणी करणाऱ्या एका बाईंना विचारले, "बाई, कंबर दुखते का हो?" त्या पाठ सरळ न करताच हसल्या. म्हणाल्या, "दुखते की. पण हे विचारायला आलात काय?"

घरी येऊन मी बाळूला म्हटले, "आईची कंबर नेमकी कधीपासून दुखू लागली रे?" तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "दादा, तू इतिहासाचा मास्तर. तुला ठाऊक असेल."

मला पानिपताची तारीख सांगता येते. ही नाही सांगता आली.