तबकडी आणि तिचा वाचक

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने इ. स. १०८६ मध्ये झालेल्या जमीनपाहणीची ‘डूम्सडे बुक’ ही चर्मपत्रावरील नोंद आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बी.बी.सी.ने दहा लाखांहून अधिक लोकांच्या साहाय्याने देशाची नवी पाहणी लेसर-तबकड्यांवर नोंदविली. परंतु त्या वाचणारी यंत्रे लवकरच दुर्मिळ झाली. २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना त्या जुन्या यंत्रणेची प्रतिकृती नव्या संगणकावर उभारावी लागली. तबकड्यांवरील सूक्ष्म खळगे कायम होते. हरपत होता तो त्यांचा वाचक. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील अक्षरेही अशीच शाबूत, पण मुकी आहेत. तात्पर्य, जतन करावयाची ती केवळ वस्तू नव्हे, तर ती वाचण्याची रीतही होय.