ऋण प्रबलन

एखाद्या कृतीमुळे क्लेशकारक उद्दीपक दूर झाल्याने ती कृती पुढे अधिक वेळा घडू लागणे, यास वर्तनवादी मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. नांदेडच्या वैशाखात वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडताच काहिली शमते, म्हणून ते शिंपडणे नित्याचे होते. ऋण प्रबलनासच शिक्षा मानणे हा, विशेषतः शाळांतून, घातक ठरणारा गैरसमज होय, कारण शिक्षेने वर्तन क्षीण होते, येथे ते दृढावते.

कोणतेही प्रबलन, म्हणजे कृती दृढ करणारा परिणाम, किती कृतींनंतर वा किती काळाने मिळावे याचा बंदोबस्त म्हणजे प्रबलन-अनुसूची; तिचे सविस्तर विवेचन फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये केले. २०१६ च्या टंचाईत, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात, टँकर नेमका केव्हा येईल हे ठाऊक नसता पुनःपुन्हा रस्त्याकडे पाहणे, हे चल-कालांतर, म्हणजे बदलत्या कालावधीनंतर प्रबलन देणाऱ्या, अनुसूचीस अनुरूप वर्तन होय: ते संथ, परंतु अखंड चालते आणि प्रबलन थांबले तरी लवकर लोपत नाही.