दाताचे माप : मेणापासून प्रकाशापर्यंत

१/ हदगावसारख्या तालुक्याच्या गावी घेतलेले दाताचे माप बहुधा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जाते. माप घेणारा एक, दात घडवणारा दुसरा. दोघांमधला निरोप म्हणजे तोंडातला ठसा. हा निरोप वाटेत बदलू नये, यासाठी दंतवैद्यकाने अडीचशे वर्षे खटपट केली आहे.

२/ १७५६ मध्ये बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी मेणाचा ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची रीत ग्रंथात नोंदवली. परंतु मेण तोंडातून काढताना वाकते. पुढे एकोणिसाव्या शतकात ठसाही प्लास्टरचाच घेऊ लागले. तो अचूक असे, पण दातांच्या खाचांत अडकला की तुकडे करूनच काढावा लागे.

३/ विसाव्या शतकात समुद्री शेवाळापासून मिळणारे लवचीक अगर आले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून होणारा त्याचा पुरवठा तुटला आणि तपकिरी शेवाळापासूनचे अल्जिनेट पुढे आले. कवळीच्या प्राथमिक मापासाठी ते आजही वापरतात.

४/ अल्जिनेटच्या ठशात बहुतांश पाणीच असते. उघडा राहिला की तो आकसतो. मराठवाड्यातील वैशाखात असा ठसा तसाच दूर धाडता येत नाही. त्यात लगेच प्लास्टर ओतावे लागते.

५/ १९६५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी गोस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाड त्या धातूला घट्ट धरते, हे त्यांना सशांवरील प्रयोगांत आढळले होते. लार्सन यांना ते इम्प्लांट चाळीस वर्षे पुरले.

६/ या यशाने मापाची कसोटी मात्र कडक झाली. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची गादी असते. दाबाखाली दात सुमारे १०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, सरकू शकतो. इम्प्लांट जेमतेम काही मायक्रॉन हलतो. मापातली चूक दात सावरून घेतो. इम्प्लांट घेत नाही. चुकीचा पूल स्क्रूने ओढून बसवला, तर ताण साठतो. स्क्रू सैल होतात, कधी तुटतात.

७/ म्हणून पद्धत बदलली. प्रत्येक इम्प्लांटवर धातूचा खुंट कसून ते सारे खुंट अ‍ॅक्रिलिकने एकमेकांना बांधतात. अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना आकसते. म्हणून जोड कापून पुन्हा सांधतात. मग छिद्रे असलेल्या ट्रेने ठसा घेतात. १९६० च्या दशकातील पॉलिईथर आणि १९७० च्या दशकातील नवे सिलिकोन यांत अल्जिनेटसारखे पाणी नसते. नीट जपलेला सिलिकोनचा ठसा कित्येक दिवस आकार राखतो, प्रवासातही.

८/ १९७३ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा द्युरे यांनी प्रकाशाने माप घेण्याची कल्पना प्रबंधात मांडली. आज स्कॅनरची फाइल क्षणात शहरात पोहोचते. उन्हाची बाधा तिला नाही. मात्र दात नसलेल्या लांब जबड्यात छायाचित्रे जोडता जोडता बारीक चुका साठत जातात.

९/ त्यामुळे जुनी परीक्षा टिकून आहे : पुलाचा एका टोकाचा एकच स्क्रू कसायचा आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का, ते पाहायचे. फट दिसली, तर तो पूल तसाच कसून बसवायचा नाही. चूक शोधायची आणि गरज पडल्यास माप पुन्हा घ्यायचे.